लुई पाश्चर, आर्बुआची रेड वाइन आणि बाटलीचं बूच : हवा वाइनची मित्र की शत्रू?

सकाळी दुधाची पिशवी कापताना तिच्यावर छापलेला 'पाश्चराइज्ड' हा शब्द आपण वाचतही नाही. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून तो आला, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण पाश्चर यांनी ही पद्धत दुधासाठी शोधलेली नव्हती. त्यांनी ती वाइनसाठी शोधली, आणि त्यातला बराचसा अभ्यास त्यांनी लहानपणीच्या गावात, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या तळघरांत केला.

त्याच अभ्यासात त्यांनी आणखी एक प्रश्न हाताळला. तो आजही सुटलेला नाही. रेड वाइन जुनी होते तेव्हा तिच्यात नेमकं काय बदलतं आणि त्यासाठी हवा लागते का? बाटलीला बूच लावायचं की फिरकीचं झाकण, या जगभर चाललेल्या वादाचं मूळ याच प्रश्नात आहे. पाश्चर यांचं आयुष्य वाइनच्या बाजूने पाहिलं की हा वाद सोपा होतो.

कातडी कमावणाऱ्याचा मुलगा

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या डोल या गावी झाला. हा जुरा डोंगररांगांचा प्रदेश, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळचा. वडील झाँ-जोसेफ नेपोलियनच्या सैन्यात लढून आलेले होते. कातडी कमावणं हा त्यांचा व्यवसाय. लुई पाच वर्षांचे होण्याआधीच कुटुंब आर्बुआ या लहान गावी आलं. क्विझाँस नदीच्या काठावर त्यांचं घर आणि कातडी कमावण्याची कुंडं होती. आज त्या घरात पाश्चर यांचं संग्रहालय आहे.

आर्बुआ हे द्राक्षबागायतदारांचं गाव. इथल्या लाल वाइनची मुख्य स्थानिक द्राक्षं दोन, पुलसार आणि त्रुसो. पुलसारची साल पातळ, त्यामुळे वाइनचा रंग फिका. त्रुसोची वाइन जास्त गडद आणि ताकदीची. जोडीला शेजारच्या बरगंडीतून आलेलं पिनो नुआर. ओक लाकडाची पिंपं, तळघरातला आंबूस वास आणि सुगीतली धावपळ हे सगळं लहानग्या लुईने रोज पाहिलेलं होतं.

इथे एक धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्या काळी कातडी कमावण्यासाठी ओक झाडाची साल वापरत. सालीतला तुरट पदार्थ चामड्यातल्या प्रथिनांना धरून ठेवतो आणि चामडं टिकाऊ होतं. 'टॅनिन' हे नाव या धंद्यातूनच आलं. रेड वाइन प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, त्यालाही टॅनिनच कारणीभूत असतं. वाइनमध्ये ते द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडंफार पिंपाच्या लाकडातून येतं. वडिलांच्या कुंडातलं रसायन आणि शेजाऱ्याच्या पिंपातलं रसायन एकाच कुळातलं होतं.

पिंपाच्या तळाचे खडे

शाळेत लुई यांचं चित्र काढण्यात लक्ष जास्त. त्यांनी काढलेली आई-वडिलांची रंगीत चित्रं आजही जपलेली आहेत. पुढे ते पॅरिसला गेले आणि १८४३मध्ये एकोल नॉर्माल सुपेरियर या नामांकित संस्थेत दाखल झाले. विषय होता रसायनशास्त्र.

त्यांचा पहिला मोठा शोध वाइनच्या साक्यातून निघाला. वाइनच्या पिंपाच्या आतल्या बाजूला खडे जमतात. ते टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे असतात. हेच आम्ल दोन रूपांत मिळत होतं. रासायनिक घटक तेच, पण एक रूप प्रकाशाची दिशा वळवायचं आणि दुसरं वळवत नव्हतं. हे कोडं अनेकांना सुटत नव्हतं.

१८४८मध्ये, वयाच्या पंचविशीत, पाश्चर यांनी दुसऱ्या रूपाचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते सगळे सारखे नव्हते. काही डाव्या हातासारखे होते आणि काही उजव्या. त्यांनी चिमट्याने एकेक स्फटिक वेगळा केला. दोन्ही ढीग वेगवेगळे पाण्यात विरघळवले तेव्हा एकाने प्रकाश डावीकडे वळवला आणि दुसऱ्याने उजवीकडे. एकत्र असताना ते एकमेकांचा परिणाम खोडत होते. रेणूला आकार असतो, हे यातून पुढे आलं. आज औषधनिर्मितीत रेणूचं 'डावं-उजवं' रूप किती महत्त्वाचं असतं हे आपण जाणतो. त्याची सुरुवात या खड्यांपासून झाली.

वाइन नासते म्हणजे काय होतं?

१८४९मध्ये स्ट्रासबर्गला असताना त्यांचा विवाह मारी लोराँ यांच्याशी झाला. मारी पुढे आयुष्यभर त्यांच्या टिपणांची लेखनिक आणि कामातली सोबती राहिल्या. १८५४मध्ये पाश्चर लील या औद्योगिक शहरात विज्ञान शाखेचे प्रमुख म्हणून गेले. १८५६मध्ये बीटापासून अल्कोहोल बनवणारा एक कारखानदार त्यांच्याकडे तक्रार घेऊन आला. पिंपातला माल मध्येच आंबट का होतो, हे त्याला कळत नव्हतं.

पाश्चर यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या पिंपात यीस्टचे गोलसर कण होते. बिघडलेल्यात त्यांच्याबरोबर बारीक, काडीसारखे जीव होते. किण्वन म्हणजे नुसती रासायनिक मोडतोड, असं त्या काळातले बडे रसायनशास्त्रज्ञ मानत. पाश्चर यांनी दाखवलं की हे काम सजीव करतात आणि प्रत्येक प्रकारच्या आंबण्यामागे वेगळा सूक्ष्मजीव असतो.

हा प्रश्न लवकरच सरकारदरबारी पोहोचला. १८६०मध्ये ब्रिटन आणि फ्रान्समध्ये व्यापार करार झाला. फ्रेंच वाइनवरची जकात कमी झाली आणि निर्यातीची दारं उघडली. पण परदेशी पोहोचेपर्यंत वाइन बिघडत असल्याच्या तक्रारी वाढल्या. ज्या देशात लाखो कुटुंबं द्राक्षांवर जगत होती, तिथे ही साधी गोष्ट नव्हती. १८६३मध्ये सम्राट तिसरा नेपोलियन याने पाश्चर यांना वाइनच्या 'रोगां'चा अभ्यास करायला सांगितलं.

कॅफेतली प्रयोगशाळा

पाश्चर तेव्हा पॅरिसमध्ये आपल्याच जुन्या संस्थेत काम करत होते. या अभ्यासासाठी त्यांनी आर्बुआ निवडलं. गाव ओळखीचं आणि तळघरंही मित्रांची. पुढची काही वर्षं सुट्टी लागली की ते विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात. १८६४मध्ये त्यांनी गावातल्या एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. गॅसची सोय नव्हती, म्हणून कोळशाच्या शेगडीवर काम चालायचं. उपकरणं गावातल्या सुतार-लोहारांकडून करून घेतली. ती ओबडधोबड होती, पण काम भागत होतं.

पद्धत सोपी होती. तळघरातून नमुना आणायचा. एकाने चव घ्यायची आणि दुसऱ्याने सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. थोड्याच दिवसांत पाश्चर थेंब पाहून चव सांगू लागले. ही वाइन आंबट झालेली असणार, ही कडू, ही तेलकट तारेसारखी ओघळणारी. प्रत्येक बिघाडाचा सूक्ष्मजीव वेगळा दिसत होता. शेतकरी पिढ्यान् पिढ्या ज्याला नशीब, हवामान किंवा खराब वर्ष म्हणत आले होते, त्याला आता ओळखता येईल असा चेहरा मिळाला.

५० ते ६० अंशांचा उपाय

रोगाचं कारण कळलं, आता उपाय हवा होता. पाश्चर यांनी आधी रसायनं मिसळून पाहिली, पण त्यांनी समाधान झालं नाही. मग त्यांनी बाटलीबंद वाइन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत काही वेळ तापवली. एवढ्या उष्णतेने उकळी येत नाही आणि बाटली बंद असल्याने अल्कोहोल उडून जात नाही, पण बिघडवणारे जीव निकामी होतात. अन्न बाटलीत बंद करून तापवलं की टिकतं, हे निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने त्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. ते का टिकतं, हे पाश्चर यांनी दाखवलं. १८६५मध्ये त्यांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि नंतर ते सर्वांसाठी खुलं केलं.

विरोध अपेक्षितच होता. तापवलेली वाइन म्हणजे मेलेली वाइन, असं जाणकारांचं मत होतं. पॅरिसच्या वाइन व्यापाऱ्यांच्या समितीसमोर चाचणी झाली, तेव्हा तापवलेल्या आणि न तापवलेल्या वाइनमध्ये त्यांना अगदी थोडा फरक जाणवला. पाश्चर यांना शंका आली. पुढच्या वेळी त्यांनी दोन्ही पेल्यांत एकाच बाटलीतली वाइन दिली. परीक्षकांना त्यातही फरक सापडला. आज ज्याला आपण 'ब्लाइंड टेस्ट' म्हणतो, त्याची गरज का असते हे समजायला हा एक किस्सा पुरेसा आहे.

मोठी परीक्षा समुद्रावर झाली. १८६८मध्ये ब्रेस्ट बंदरातून निघालेल्या 'झाँ बार' या जहाजावर दोन्ही प्रकारची वाइन ठेवली गेली. दहा महिन्यांनी जहाज परतलं, तेव्हा तापवलेली वाइन स्वच्छ आणि मऊ होती. न तापवलेली तुरट होती आणि आंबटपणाकडे झुकली होती. दुधाला ही पद्धत लावली जाऊ लागली ती त्यानंतर.

घरातले मृत्यू

हा सगळा काळ कागदावर यशाचा दिसतो, पण घरात तसं नव्हतं. १८५९मध्ये पाश्चर यांची थोरली मुलगी जान आर्बुआतच टायफॉइडने गेली. ती नऊ वर्षांची होती. जून १८६५मध्ये वडील गेले, सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय गेली आणि मे १८६६मध्ये बारा वर्षांची सेसील. सेसीललाही टायफॉइडच झाला होता. पाच मुलांपैकी दोनच उरली.

त्याच १८६६ सालात पाश्चर यांचा वाइनवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मजीव वाइनला आजारी पाडतात हे त्यांनी सिद्ध केलं होतं. ते माणसालाही आजारी पाडत असतील, हा विचार त्यांच्या मनात होता, पण पुरावा अजून हातात नव्हता. ज्या आजाराने घरातल्या दोन मुली नेल्या, त्याचा जंतू ओळखला जायला आणखी १४ वर्षं लागायची होती. ऑक्टोबर १८६८मध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी, पाश्चर यांना पक्षाघात झाला. डावी बाजू कायमची अधू झाली. पुढची २७ वर्षांची कामगिरी त्यांनी या अवस्थेत केली.

बंद नळ्यांचा प्रयोग

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या ग्रंथात रोगांइतकीच महत्त्वाची जागा ऑक्सिजनला आहे. वाइन उघडी राहिली की बिघडते हे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत होतं. म्हणून हवा ही वाइनची शत्रू, असं मानलं जायचं. मार्सलँ बर्थलो या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञानेही ऑक्सिजन वाइनचा सुगंध मारतो, असंच मांडलं होतं.

पाश्चर यांनी हा प्रश्न मोडून दोन भागांत केला. उघडी वाइन आंबट होते, ती हवेतल्या ऑक्सिजनवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवामुळे. पण सूक्ष्मजीव बाजूला काढले तर एकटा ऑक्सिजन काय करतो?

त्यांनी काचेच्या नळ्या घेतल्या. काहींत वाइन काठोकाठ भरून, हवा अजिबात न ठेवता, काच वितळवून तोंड बंद केलं. काहींत वाइन अर्धवट भरली आणि वर हवा ठेवली. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली.

काही आठवड्यांनी आणि महिन्यांनी फरक दिसला. हवा नसलेल्या नळ्यांतली वाइन जवळपास होती तशीच राहिली. हवा असलेल्या नळ्यांत लाल रंग उतरला, तळाला साका बसला आणि चव जुन्या वाइनसारखी झाली. उजेडात ठेवलेल्या नळ्यांत हे अधिक वेगाने घडलं.

यावरून त्यांनी मांडलं की नव्या वाइनचा कच्चा तुरटपणा जातो, रंग बदलतो आणि ती मुरते, ती ऑक्सिजनमुळे. लाकडी पिंपाच्या फळ्यांतून आणि पिंप भरता-उपसताना हवा थोडीथोडी आत जाते, म्हणून पिंपात वाइन मुरते. बाटलीत हवा कमी मिळते, म्हणून तिथे ती फार सावकाश जुनी होते. एकदम भरपूर हवा मिळाली तर मात्र वाइन फिकी आणि निर्जीव होते. म्हणजे हवा मित्र की शत्रू, हा प्रश्नच अपुरा होता. किती हवा आणि किती काळात, हे विचारायला हवं होतं.

रेड वाइन जुनी होते, म्हणजे आत काय होतं?

पाश्चर यांना जे डोळ्यांनी दिसलं, त्यामागचं रसायन आज बरंच उलगडलं आहे. द्राक्षाच्या सालीतून वाइनमध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी येतात, रंग देणारी अँथोसायनिन आणि तुरटपणा देणारं टॅनिन. नव्या वाइनमध्ये ती बरीचशी सुटीसुटी असतात. म्हणून रंग जांभळट आणि चव खरखरीत.

थोडा ऑक्सिजन मिळाला की लोह आणि तांब्याच्या सूक्ष्म अंशांच्या मदतीने साखळी सुरू होते. काही अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. ते रंग आणि टॅनिन यांच्यात सांधा जोडतं. जोडलेला रंग अधिक पक्का असतो. जांभळ्याचा विटकरी होतो. काही रेणू इतके मोठे होतात की विरघळून राहत नाहीत आणि तळाला बसतात. जुन्या बाटलीतला साका तो हाच.

प्रत्येक वाइनला हे सारखं मानवत नाही. आर्बुआच्याच दोन द्राक्षांचं बघा. पुलसारमध्ये रंग मुळातच कमी, त्यामुळे जास्त हवा मिळाली तर तो लवकर उतरतो. उलट ही वाइन अगदी कोंडून ठेवली तर तिला गंधकासारखा वास धरण्याची खोड आहे. त्रुसोकडे रंग आणि टॅनिनचा साठा जास्त, म्हणून ती अधिक काळ दम धरते. एकाच गावातल्या दोन वाइनना हवेचा हिशोब वेगळा लागतो.

याच गावात हवेला मुद्दाम बोलावणारी एक वाइनही बनते. सावान्यँ या पांढऱ्या द्राक्षाच्या या 'पिवळ्या वाइन'चं पिंप उडून गेलेली वाइन भरून न काढता तसंच ठेवतात आणि वर यीस्टची साय धरू देतात. ही सायच हवेवर लगाम ठेवते. नियमाप्रमाणे अशी वाइन सहा वर्षांहून अधिक काळ ठेवावी लागते.

काचेच्या घरातल्या वेली

१८७४मध्ये पाश्चर यांनी आर्बुआजवळ स्वतःची छोटी द्राक्षबाग विकत घेतली. चार वर्षांनी ती कामाला आली. १८७८मध्ये क्लोद बर्नार हे थोर शरीरशास्त्रज्ञ गेले आणि त्यांची अपुरी टिपणं बर्थलो यांनी छापली. किण्वनाला सजीव यीस्ट लागत नाही, असा त्यांचा रोख होता. पाश्चर यांच्या वीस वर्षांच्या कामावरच हे प्रश्नचिन्ह होतं. बर्नार त्यांचे स्नेही होते आणि आता उत्तर द्यायला हयात नव्हते.

पाश्चर यांनी शब्दांनी वाद घालण्याऐवजी घाईने काचेची घरं करवून घेतली आणि द्राक्षं कच्ची असतानाच आपल्या बागेतल्या काही वेली झाकून टाकल्या. काही घड कापसात गुंडाळले. सुगीत ही द्राक्षं चिरडली, पण रस आंबला नाही. बाहेरच्या उघड्या वेलींची द्राक्षं नेहमीप्रमाणे आंबली. यीस्ट द्राक्षाच्या आतून येत नाही, बाहेरून सालीवर येऊन बसतं, हे यातून दिसलं. ही बाग आजही जपलेली आहे आणि तिच्या द्राक्षांची वाइन बनते.

पाश्चर यांचा निष्कर्ष कुठे अपुरा पडला?

पाश्चर यांचे एक शिष्य युलिस गायाँ पुढे बोर्दोला गेले आणि तिथे वाइनच्या विज्ञानाचा पाया घातला. गायाँ यांचे नातू झाँ रिबेरो-गायाँ यांनी १९३०च्या दशकात वाइनमधल्या ऑक्सिजनची मोजमापं केली. त्यांचा निष्कर्ष गुरूच्या गुरूला धक्का देणारा होता. चांगलं बूच लावून आडव्या ठेवलेल्या बाटलीत जाणारा ऑक्सिजन इतका कमी असतो, की बाटलीतलं मुरणं त्याच्यावर अवलंबून आहे असं म्हणता येत नाही. बाटलीतला सुगंध हवेविनाच घडतो, असं त्यांनी मांडलं.

म्हणजे पिंपातल्या वाइनबद्दल पाश्चर बरोबर होते, पण तोच नियम बाटलीला जसाच्या तसा लागू होत नव्हता. त्यांच्या तापवण्याच्या पद्धतीचंही असंच झालं. उंची रेड वाइन आज सहसा तापवत नाहीत. स्वच्छता, गाळणी आणि सल्फर डायऑक्साइड यांवर काम भागतं. पण बिघाडाला कारण असतं आणि ते शोधून काढता येतं, हा त्यांचा मूळ मुद्दा प्रत्येक वाइनरीत रोज वापरला जातो.

मग बूच की फिरकीचं झाकण?

आता आकडे बघू. एक मिलिलिटर हवेत साधारण ०.२८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. म्हणजे बाटलीत वाइनच्या वर चमचाभर, पाच मिलिलिटर, हवा राहिली तर जवळपास दीड मिलिग्रॅम ऑक्सिजन तिथेच बंद होतो. चांगल्या नैसर्गिक बुचातून वर्षाला जाणारा ऑक्सिजन साधारण एखाद्या मिलिग्रॅमच्या घरात असतो. बाटली भरताना निष्काळजीपणा झाला तर एका दिवसात एका वर्षाची हवा आत जाते. म्हणूनच झाकणाइतकंच बाटली भरण्याचं यंत्रही महत्त्वाचं.

नैसर्गिक बूच : हेही एका जातीच्या ओक झाडाची साल. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच पोर्तुगालमध्ये होतं. झाड सुमारे २५ वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात आणि पुढे साधारण दर ९ वर्षांनी. साधारण २४ मिलिमीटर जाडीचं बूच १८.५ मिलिमीटरच्या तोंडात दाबून बसवतात. त्याच्या पेशींत हवा असते आणि दाबल्यावर ती हळूहळू बाटलीत उतरते. त्यामुळे पहिल्या वर्षी ऑक्सिजन जास्त मिळतो, नंतर कमी. अडचणी दोन. बुचाबुचात फरक असतो, म्हणून एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या वेगळ्या निघू शकतात. आणि टीसीए नावाचं रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.

भुग्याचं बूच : सालीचा भुगा साफ करून, चिकटवून बनवतात. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने भुगा धुतला की टीसीए जवळपास निघून जातं. एकाच गुणवत्तेचा माल मिळतो.

कृत्रिम बूच : प्लॅस्टिकचं. टीसीएची भीती नाही, पण जुन्या प्रकारच्या बुचांतून हवा जास्त जायची. लवकर प्यायच्या वाइनसाठी ठीक.

फिरकीचं झाकण : हवेचा हिशोब धातू करत नाही, आतला पातळ अस्तराचा थर करतो. कथिलाचा थर असलेलं अस्तर हवा जवळपास अडवतं. त्याशिवायचं अस्तर थोडी जाऊ देतं. २०००मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या उत्पादकांनी आणि लगेच न्यूझीलंडच्या उत्पादकांनी एकत्र येऊन हे झाकण स्वीकारलं. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेने १९९९च्या एकाच पांढऱ्या वाइनला १४ प्रकारची झाकणं लावून पाहिली. फिरकीच्या झाकणाखाली वाइन सर्वांत ताजी राहिली, पण काही बाटल्यांत रबरासारखा कोंडलेला वास आला. हवा फार कमी मिळाली तरी किंमत मोजावी लागते.

थोडक्यात, सर्वोत्तम झाकण असं काही नाही. वर्ष-दोन वर्षांत प्यायची रेड वाइन असेल तर फिरकी सोयीची आणि भरवशाची. वीस वर्षं ठेवायची असेल तर उत्पादकाला त्या द्राक्षाला किती हवा मानवते ते आधी माहीत हवं.

आपल्याकडे काय?

नाशिकच्या अनेक बाटल्यांवर आता फिरकीचं झाकण दिसतं. ते स्वस्त वाइनचं लक्षण आहे, असा समज आहे. वर पाहिलं तसा त्याला आधार नाही. आपल्या हवामानात झाकणापेक्षा मोठा प्रश्न तापमानाचा आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलेली बाटली कोणत्याही झाकणाने वाचत नाही.

शेवटची सुट्टी

पाश्चर पुढे जगाला माहीत झाले ते जुलै १८८५मध्ये, पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन. १८८८मध्ये पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथेच काम केलेले वाल्देमार हाफकिन यांनी १८९७मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

एवढं नाव झाल्यावरही सुट्टी लागली की पाश्चर आर्बुआला जात. नदीकाठच्या वडिलांच्या घरात त्यांनी छोटी प्रयोगशाळा करून घेतली होती. २८ सप्टेंबर १८९५ रोजी पॅरिसजवळ त्यांचं निधन झालं.

बंद नळीत हवा ठेवली तर काय होतं आणि नाही ठेवली तर काय, एवढंच त्यांनी विचारलं होतं. त्यांच्या शिष्याच्या नातवाने त्याच पद्धतीने मोजून त्यांचा निष्कर्ष दुरुस्त केला. आज झाकण बनवणाऱ्या कंपन्या दरवर्षी किती मिलिग्रॅम ऑक्सिजन आत जाऊ द्यायचा, हे ठरवून झाकण विकतात. पुढच्या वेळी बाटलीवर बूच दिसो की फिरकी, उत्पादकाने या वाइनला किती हवा द्यायची ठरवली आहे, एवढाच त्याचा अर्थ.